गाळ बसवण्याचं पेटंट

पुंडलिकनगरात दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून गेला की लोक दार उघडतात आणि पिशवी आत घेतात. संघपाल खरात आधी दाराच्या भिंगातून जिना बघायचा, मग पिशवी उजेडात धरून तिला कुठं टाचणीएवढं भोक पडलंय का ते शोधायचा, आणि मगच दूध बायकोच्या, सुलेखाच्या हाती पडायचं. इतक्या वर्षांत भोक एकदाही सापडलं नव्हतं. यावरून दूधवाला किती बेरकी आहे, ते संघपालच्या ध्यानात आलं होतं.

असा माणूस शोध लावतो तेव्हा काय होतं, त्याची ही गोष्ट.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत संघपालचं निकेल प्लेटिंगचं लहानसं शॉप होतं. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलीचे भाग आणायचे, टाकीत बुडवायचे, चकाकी चढवून परत द्यायचे. चकाकी गिऱ्हाईक घेऊन जातं आणि गाळ मालकाकडं राहतो, हा या धंद्याचा नियम. हा गाळ नाल्यात सोडता येत नाही, शेतात पसरता येत नाही. तो न्यायला खास गाडी येते आणि वर तीच पैसे मागते. चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्या गाळात निकेल असतं. आपलंच निकेल, आपल्याच पिंपात, आणि काढता येत नाही! गाळ ॲसिडात विरघळवला, त्यात चुन्याची निवळी घातली, की लोखंडाची घाण वेगळी होते खरी, पण ती खाली बसत नाही. ताक घुसळल्यासारखी तरंगत राहते. शहरातल्या झाडून सगळ्या प्लेटिंगवाल्यांच्या पिंपात ती तरंगत होती. एकट्या संघपालच्या पिंपात ती तळाला जायची, आणि वर आरपार दिसणारं हिरवंगार निकेलचं पाणी उरायचं.

हा शोध कसा लागला ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तो आळसातून लागला होता. त्याची आई गोजरबाई फाटक्या सुपांना आणि टोपल्यांना कागद चिकटवण्यासाठी चिंचोक्याची खळ करायची. घरात पसारा नको म्हणून ती शॉपच्या मागं बसून हा उद्योग करी. एकदा बादलीभर खळ उरली. "नालीत टाकून ये," ती म्हणाली. नाली लांब होती, पिंप जवळ होतं. दुसऱ्या दिवशी पिंपातली सगळी घाण तळाशी जाऊन निपचित पडली होती.

मग पेटंट घ्यायचं ठरलं. उस्मानपुऱ्यात संस्कृती मॅडम नावाच्या पेटंट एजंटचं ऑफिस होतं. बाई वयानं तरुण, पण चेहरा असा की समोरच्याला आपोआप खरं बोलावंसं वाटावं. संघपाल त्याला बळी पडला नाही.

"सर, यात सगळं लिहायचं असतं," त्या म्हणाल्या. "काय घालायचं, कधी घालायचं, किती घालायचं. हा कागद वाचून तुमच्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला तेच करता आलं पाहिजे."

संघपालनं खुर्ची मागं सरकवली. "दुसऱ्या माणसाला?"

"हो."

"माझ्याच धंद्यातल्या?"

"हो. आणि पुढं हा कागद प्रसिद्ध होतो. कुणालाही वाचता येतो."

"म्हंजे चोराला घराचा नकाशा द्यायचा, किल्ली द्यायची, आणि कुत्रं कव्हा झोपतं ते पण लिहून द्यायचं?"

"त्या बदल्यात वीस वर्षं कायदा तुमचं रक्षण करतो."

"कायदा ऱ्हायला कुठं असतो मॅडम? आमच्या पुंडलिकनगरात तर कधी दिसला नाय."

संस्कृती मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्याकडं येणारा प्रत्येक संशोधक हेच विचारायचा. नुकताच एक मास्तर येऊन गेला होता. जमिनीवर घण मारायचा आणि तिच्या हादऱ्यावरून खाली पाणी कुठं आहे ते ओळखायचं, असं यंत्र त्यानं केलं होतं. त्याच्या आधी जुन्या टायरातून डिझेल काढणारा एक जण आला होता. दोघंही परीक्षेतल्या हुशार पोरासारखे हाताचा आडोसा करून लिहीत होते.

संघपालनं घरी येऊन आईला विचारलं. गोजरबाईला पेटंटमधलं काही कळत नव्हतं, पण गुपिताच्या धंद्यात ती लेकापेक्षा जुनी होती. गल्लीत नवी सून आली की येसर शिकायला गोजरबाईकडं यायची. येसर म्हणजे आमच्याकडच्या आमटीचा जीव. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. गोजरबाई कुणाला नाही म्हणायची नाही. बाजरी किती, हरभऱ्याची डाळ किती, धने कसे भाजायचे, सगळं सांगायची, चुलीपाशी बसवून दाखवायची, आणि एक गोष्ट ठेवून घ्यायची. सून घरी जाऊन येसर करी, ते तसं होत नसे, आणि ती आपल्याच हाताला बोल लावी. या पद्धतीची खुबी ही, की जिला फसवलं तीच दिलगीर होऊन परत येई. "मामी, माझ्या हाताला तुमची चव नाय हो." गोजरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, "येईल माय, येईल." सुलेखा या घरात सून म्हणून आली, तिची पोरं शिकून पुण्याला नोकरीला लागली, तरी ती एक गोष्ट तिला अजून माहीत नव्हती.

"समदं लिहून मागतेत, माय," संघपाल म्हणाला.

"मंग दे की लिहून. विद्या दिल्यानं वाढती," गोजरबाई म्हणाली. "एक ठेव."

त्यानं सगळं लिहिलं. गाळ किती, ॲसिड किती, किती तापवायचं, निवळी कधी घालायची, ढवळायच्या वल्ह्याची लांबीसुद्धा. फक्त चिंचोका ठेवून घेतला. त्या जागी वाक्य घातलं, ‘यानंतर मिश्रण न थांबता मंद गतीने ढवळत राहावे, म्हणजे घाण आपोआप तळाशी बसते.’ संस्कृती मॅडमनी विचारलं, "आपोआप?" संघपाल म्हणाला, "आपोआप."

यथावकाश पेटंट मिळालं. प्रमाणपत्र चौकटीत बसवून बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, मान राखून हातभर अंतरावर लावलं गेलं. चौकटीवर त्यानं एक छोटा पडदाही लावला. उगाच येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायला नको.

मग वाळूजच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. त्यांच्या आवारात गाळाची टेकडी झाली होती. त्यांना संघपालची रीत लायसनवर हवी होती. संघपालला ते लायसन म्हणजे सुटका होती. टाक्यांच्या वाफेनं त्याचे हात कोपरापर्यंत सोलवटून निघाले होते, रात्रंदिवस आग व्हायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, निकेलपासून लांब राहा, नाहीतर हात कामातून जातील. लायसन मिळालं तर शॉप विकून टाकता येणार होतं. नाही मिळालं तर टाकी होती आणि हात होते.

"आम्ही आधी आमच्या पद्धतीनं चाचणी घेऊ," कंपनीचा साहेब म्हणाला आणि नंतर गप्प झाला. महिने गेले. संघपालला त्या गप्पपणाचा वास येऊ लागला.

अशात त्याला गोकुळचे बूट दिसले.

गोकुळ औताडे वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा पडेगावचा, तिकडं दौलताबाद रोडला घरची जमीन, जमिनीवर एक पत्र्याचं शेड. एके काळी त्यानंही प्लेटिंग केलं होतं, मग भंगारात गेला, मग प्लॉटिंगमध्ये. बोलका, दिलदार, जिन्यात भेटला की खांद्यावर हात टाकणारा. संघपालला त्याचा हाच गुण सगळ्यात धोक्याचा वाटायचा. त्या दिवशी जिन्यात गोकुळच्या बुटांवर हिरवे डाग होते. गवताचा हिरवा वेगळा आणि निकेलचा हिरवा वेगळा, हे ज्याच्या हाताची सालं गेली आहेत त्याला सांगावं लागत नाही.

"काय गोकुळराव, रंगकाम काढलं काय?"

"छे रे. असंच. शेतात," गोकुळ म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर हात न टाकता वर गेला.

दुसऱ्या दिवशी संघपालनं हेल्मेटची काच खाली केली आणि स्कूटर गोकुळच्या मागं सोडली. पडेगावात शेडचा दरवाजा अर्धवट उघडा होता. आत निळी पिंपं, चुन्याची पोती, आणि भिंतीवर संघपालच्या पेटंटमधली आकृती मोठी करून चिकटवलेली. बनियनवर उभा असलेला गोकुळ लाकडी वल्ह्यानं पिंप ढवळत होता. मंद गतीनं.

"वा! वा गोकुळराव! शेजारधर्म लई चांगला पाळला!"

गोकुळ दचकला, पण त्याचं वल्हं थांबलं नाही. "थांबू नको म्हणून लिहिलंय तुझ्यात," तो म्हणाला.

"चोरी करतानाबी नियम पाळू राहिला का?"

"कशाची चोरी? वाळूजच्या कंपनीनं काम दिलंय मला. तुझा कागद दिला, त्यांचा गाळ दिला. म्हणले, लिहिलंय तस्संच करा, काडीचाही बदल नको, आणि बसतो का नाय ते सांगा. येत्या सोमवारी मुदत संपती. चाचणी है ही तुझी."

"मला कुणी बोललं नाय."

"तुलाच सांगायचं नाय असं बजावलंय. म्हणले, त्या माणसाला कळलं तर तो मधी येऊन काहीतरी टाकीन."

संघपालला हा अपमान फार लागला. असा विचार तोवर त्याच्या मनातही आला नव्हता. कंपनीनं सुचवल्यावर मात्र आला.

त्यानं पिंपात डोकावून पाहिलं. तपकिरी ताक गरगर फिरत होतं.

"बसत नाय रे," गोकुळ आवाज उतरवून म्हणाला. "दिवाळीपासून ढवळू राहिलो. हा खांदा गेला माझा. आमची सोनिया म्हणती, झोपेतबी हात फिरवता तुम्ही. माझ्याच हाताला गुण नाय बहुतेक. तुझ्या कागदावर तर सरकारचा शिक्का है."

संघपालच्या तोंडून नकळत निघून गेलं, "येईल, येईल."

तिथून तो थेट उस्मानपुऱ्यात गेला.

"मॅडम, समजा एखाद्या माणसाची एखादी बारीकशी गोष्ट लिहायची राहिली."

संस्कृती मॅडमनी चष्मा काढला. "राहिली की ठेवली?"

"समजा... ठेवली."

"समजा, तो माणूस आत्ता माझ्यासमोर बसलेला नाही. मग सांगते. पेटंट मिळाल्यावर नवीन वस्तू त्यात घालता येत नाही. आणि ती मुद्दाम दडवली होती असं कुणी सिद्ध केलं, तर पेटंट रद्द होतं."

"आणि दडवलेलीच ठेवली तर?"

"तर ते कागदाप्रमाणे चालणार नाही. जे चालत नाही ते कंपनी कशाला घेईल?"

"मंग त्या माणसानं करावं काय?"

"त्या माणसानं," मॅडम म्हणाल्या, "दुसरा एजंट बघावा. मी आजचं काहीच ऐकलेलं नाही."

शनिवारी संघपालनं सुलेखाला खळ करायला लावली. "पातळ कर. ताकासारखी."

"सूप तर एकबी फाटलेलं नाय घरात," सुलेखा म्हणाली.

"तू कर गं."

"करते की. पण तुमच्या तोंडाकडं बघून वाटतं, कुणाला तरी विष घालायला चाललात."

बाटली डिकीत ठेवून तो पडेगावला गेला. चोर पकडायला म्हणून ज्या शेडमध्ये शिरला होता, तिथंच आज तो चोरासारखा शिरला. गोकुळ ढवळत होता. संघपालनं इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या, खांद्याला कुठलं तेल चांगलं ते सांगितलं, बोलता बोलता पिंपाजवळ सरकला, आणि टोपण फिरवतो न फिरवतो तोच गोकुळनं त्याचं मनगट धरलं.

"काय है त्यात?"

"ताक."

"आण मंग. घसा पार सुकलाय."

"आंबट झालंय. तुला नाय चालायचं."

"तुझ्या घरचं ताक मी कधी पिलो नाय का? आता काय झालं न चालायला?" आणि संघपालला पुढं बोलू न देता गोकुळनं बाटली तोंडाला लावली. एक मोठा घोट गेला. मग त्याचा चेहरा हळूहळू चिकट झाला. "हे ताक नाय."

"नाय."

"काय है?"

संघपालनं दाराकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं, आपल्या सोललेल्या हातांकडं पाहिलं. उद्या रविवार, परवा सोमवार. "चिंचोक्याची खळ," तो म्हणाला. "ही टाकली की गाळ बसतो. बास. हेच गुपित है. सांगितलं तुला."

बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. लग्नात दिवसभर घातलेला आखूड बूट काढल्यावर वाटतं तसं.

गोकुळ हसायला लागला. "संघपाल, घरात भाजी कुठली केली तेबी तू शेजाऱ्याला सांगत नाय. आणि एवढं मोठं गुपित मला फुकटात? माझ्याच शेडमध्ये येऊन?"

"खरं सांगू राहिलो, गोकुळराव."

"खरं असतं तर कागदावर असतं. म्हंजे सरकार खोटं आन् तू खरा? आरं, डाव कळला मला. मी हे पिंपात टाकायचं, आणि उद्या तू कंपनीत जाऊन बोंबलायचं, की गोकुळनं कागदात नसलेली वस्तू टाकली, चाचणी बाद! व्हय ना?"

हा डाव इतका चांगला होता की तो आपल्याला सुचला नाही याचं संघपालला क्षणभर वाईट वाटलं.

"आईची शपथ घेतो."

"गोजरमामीची शपथ तर घेऊच नको. आमच्या सोनियाला येसर त्याच मामीनं शिकवलंय. अजून आमटी जमत नाय तिला."

संघपालनं शपथेसाठी उचललेला हात खाली घेतला. गोकुळनं वल्हं पिंपाला टेकवलं, कागदात न थांबता लिहिलेलं असूनही, आणि तो जवळ आला. त्याचा आवाज खासगी झाला.

"मला ठाऊक है तू काय लपवलंय ते."

"काय?"

"पाणी."

"पाणी?"

"माझं हे बोअरचं पाणी. तांब्याला पांढरं पुट चढतं त्याचं. मला पहिल्यापासून त्याचाच संशय होता. आणि तू कागदात काय लिहिलंय? ‘पाणी घ्यावे.’ कोणतं ते नाय लिहिलं! तिथं मारलीय तू मेख. लोकांनी तुला बेगमपुऱ्याकडं कॅन भरताना पाहिलंय. नहरीचं पाणी! बोल, व्हय का नाय?"

संघपालला कॅन भरताना लोकांनी पाहिलं होतं हे खरं होतं. पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं तो सणाचा दिवस असतो, आणि मधल्या दिवसांत अर्धं शहर कॅन घेऊन कुठं ना कुठं जातं. बेगमपुऱ्याच्या बाजूला मलिक अंबरच्या काळातल्या, जमिनीखालून आणलेल्या नहरीचं पाणी एका जागी अजून झिरपत होतं. संघपाल तिथं जायचा तो फुकट म्हणून.

तो गप्प राहिला. आजवर तो लपवण्यासाठी गप्प बसायचा. आज त्याला खरोखर काय बोलावं ते सुचत नव्हतं. गोकुळनं त्या गप्पपणाचा जो अर्थ लावायचा तो लावला. त्यानं संघपालचे दोन्ही खांदे धरले.

"नको सांगू. नाय सांगायचं तर नको सांगू. तोंडावर वाचलं मी तुझ्या."

चिंचोका गोकुळला पटत नव्हता, पण पाणी पटत होतं. आणि पाणी कागदात होतं.

"उद्या घेऊन येतो," तो म्हणाला. "पण मीच आणणार. तू जायचं नाय. कुठल्या बाजूचं भरायचं ते कळायचं नाय तुला."

"मला तरी वाटलंच!" गोकुळ म्हणाला.

रविवारी सकाळी सुलेखानं खळ आणखी पातळ केली, धोतराच्या फडक्यातून गाळली आणि कॅनमध्ये ओतली. वर संघपालनं प्रामाणिकपणे नहरीचं पाणी भरलं. तेवढी बाजू तरी खरी असावी असं त्याला वाटलं. पडेगावात गोकुळनं कॅनचं झाकण काढून आत पाहिलं.

"जरा गढूळ है."

"चारशे वर्षांचं है," संघपाल म्हणाला.

गोकुळनं मान डोलावली. नवा गाळ घेतला, कॅन ओतले, ॲसिड, तापवणं, निवळी, सगळं लिहिल्याप्रमाणे केलं आणि वल्हं हातात घेतलं. थोड्या वेळानं ताकात कण दिसू लागले. दूध फाटतं तसे कणांचे पुंजके झाले, पुंजके जड झाले, आणि एकमेकांना धरून, एखादं वऱ्हाड पंगतीला बसावं तसे खाली बसत गेले. वर हिरवं पाणी उरलं, बाटलीच्या काचेसारखं. पिंपाच्या आतली शिवण दिसत होती.

गोकुळच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलिक अंबर!" तो म्हणाला. "काय डोकं असंल राव त्या माणसाचं!"

संघपालचा आयुष्यभराचा शोध त्याच्या डोळ्यांदेखत चारशे वर्षं मागं जाऊन दुसऱ्याच्या नावावर चढला होता, आणि हरकत घ्यायची सोय नव्हती.

"मोठाच माणूस," तो म्हणाला.

सोमवारी गोकुळनं कंपनीला कळवलं, लिहिल्याप्रमाणे केलं, गाळ बसतो. ते अक्षरशः खरं होतं. वर, शेजारी म्हणून, त्यानं साहेबाच्या कानात आणखी एक गोष्ट घातली, की पाणी मात्र खरातकडूनच घ्या, दुसऱ्याचं घेऊ नका, कारण विचारू नका. मोठ्या साहेबांना कारण न सांगितलेली गोष्ट फार पटते. लायसनचा करार झाला, आणि त्यासोबत पाण्याचाही झाला. संस्कृती मॅडम दोन्ही करार वाचता वाचता दुसऱ्यापाशी थांबल्या.

"पाणी?"

"पाणी."

"कोणतं?"

"मॅडम, तुम्ही विचारू नका."

"नाही विचारत," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

संघपालनं शॉप विकलं. हातांवर नवी कातडी आली, रात्री झोप लागू लागली. फक्त दिवस गेला कामातून. टेकडीएवढा गाळ बसवायचा म्हणजे चिंचोके लागतात आणि ते काय थोडेथोडके? एकाच दुकानातून घेतले तर दुकानदार विचार करील, म्हणून तो थोडे शहागंजातून आणी, थोडे फुलंब्रीच्या बाजारातून, थोडे पैठणहून. मग भर दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून, तो, सुलेखा आणि गोजरबाई तिघं खाली बसून चिंचोके भाजत, फोडत, टरफलं काढत. भाजल्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून पंखासुद्धा बंद.

"एखादी बाई लावू का फोडायला?" सुलेखानं पदरानं मान पुसत विचारलं.

"बाईला कळंल."

"मग मशीन घ्या."

"मशीनवाला विचारंल कशाला पाहिजे."

"म्हंजे पेटंट तुम्हाला आणि सक्तमजुरी आम्हाला."

"फोड गं, फोड," गोजरबाई म्हणाली. "बोलल्यानं हात थांबतो."

तेवढ्यात दार वाजलं. संघपालनं भिंगातून पाहिलं. गोकुळ होता. तिघांनी मिळून ढिगारा पलंगावर लोटला, त्यावर चादर ओढली, सुलेखानं भाजायचा तवा मोरीत नेला. दार उघडलं तर गोकुळ धापा टाकत उभा. दुखऱ्या खांद्यावर मोठा कॅन, शर्ट घामानं भिजलेला.

"नहरीवर गेलो होतो," तो म्हणाला. "लई मोठी लाइन. पण म्हणलं, हा बिचारा रोज कंपनीसाठी पाणी वाहतो, घरच्यांच्या तोंडी तरी एक घोट पडतो का? वहिनी, हे घ्या. याच्यात डाळ शिजवून बघा. मामी, तुम्ही आधी प्या. गुडघ्याला चांगलं असंल."

कॅन त्यानं मजले चढून आणला होता. तो उंबऱ्याच्या आत ठेवून दमून मागं सरकला आणि पलंगावर मटकन बसला. चादरीखाली कडकड आवाज झाला.

सुलेखानं घाईनं पंखा लावला.

गोकुळ एका अंगाला झाला, मग दुसऱ्या. "काय टोचू राहिलंय रे खाली?"

सुलेखानं नवऱ्याकडं पाहिलं. गोजरबाईनं नातेवाइकाच्या मयतीला बसल्यासारखं तोंड केलं. संघपालला काहीही सांगता आलं असतं. शेंगा, बोरं, वाळवण. पण समोर एवढा मोठा कॅन होता, आणि तो खांदा होता.

"चिंचोके," तो म्हणाला.

गोकुळ जो हसायला लागला तो पोट धरून, पलंग हलवत, चादरीखाली कडकड करत हसतच सुटला.

"वहिनी, बघा याला! सगळं झालं, लायसन झालं, मला समदं ठाऊक है, तरी अजून माझ्यासमोर चिंचोकेच म्हणू राहिला! आरं, आता तरी विश्वास ठेव माझ्यावर."

"ठेवला," संघपाल म्हणाला.

"मंग आण पेला," गोकुळ डोळे पुसत म्हणाला, "आणि पाणी पी. तुझंच है."